लाल रेघेपुढची अकरा मिनिटं

पिवळी स्पोर्ट्स कार टोइंगच्या ट्रकवरून उतरली, तेव्हा मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधीच मान हलवली. चार दिवस उलटले तरी करपलेल्या रबराचा आणि गोडसर वाफेचा वास गाडीतून गेला नव्हता. चौतीस वर्षांत हा वास त्यांनी इतक्यांदा घेतला होता, की आता रागही येत नसे, नुसता शीण यायचा. तापून गेलेल्या इंजिनाची गोष्ट बहुतेक वेळा एकच असते. काटा लाल रेघेवर गेलेला कुणीतरी पाहिलेला असतो, आणि 'आता थोडंच तर राहिलंय' म्हणत गाडी दामटलेली असते. मग तोच माणूस गॅरेजमध्ये येऊन शपथेवर सांगतो, की गाडी अचानक बंद पडली.

ही गाडी जहाजवाल्याची. तो मालवाहू जहाजावर इंजिनियर होता. सहा महिने समुद्रावर आणि तीन महिने घरी. घरी वडील, थोरला भाऊ आणि वहिनी. गाडीवर त्याचा भारी जीव. तो नसला की ती कव्हरखाली झाकलेली असायची. गेल्या खेपेला जहाजावर जायच्या चार दिवस आधी त्याने ती सर्व्हिसिंगला आणली होती. तेव्हा मिस्त्रींनी त्याला वाकायला लावून पाण्याच्या पंपाखालचा पांढरट खार दाखवला होता. सील गळतंय, पंप बदलून टाक, असं स्पष्ट सांगितलं होतं. आता वेळ नाही, आल्यावर बघू, तोवर गाडी चालवतंय कोण, असं म्हणून त्याने विषय उडवून लावला होता.

चालवली ती वहिनीने. दुपारी सासऱ्यांच्या छातीत कळ आली. नवरा घरची गाडी घेऊन परगावी गेलेला. अँब्युलन्सला पाऊण तास लागेल म्हणाले. तिने भिंतीवरची किल्ली काढली, सासऱ्यांना त्या बसक्या सीटमध्ये कसंबसं बसवलं आणि निघाली. सासरे वाचले. गाडी हॉस्पिटलच्या फाटकात बंद पडली, ती पडलीच.

वडिलांची बातमी कळताच जहाजवाला मिळेल त्या विमानाने घरी आला. त्याने सकाळीच मिस्त्रींना फोन केला होता. नेमकं काय गेलंय ते शोधा, म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, की ते पंपाचं मात्र घरच्या कुणासमोर काढू नका.

अकराच्या सुमारास वहिनी आली. ती शाळेत शिकवायची. उभी राहिली तीही वर्गात उशिरा आलेल्या मुलीसारखी. खुर्ची दिली तरी बसली नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं,

"काका, भाऊजींना एवढंच सांगाल का, की गाडी अचानक बंद पडली?"

मिस्त्रींनी हात फडक्याला पुसले. "आधी इंजिन उघडू द्या, ताई," एवढंच ते म्हणाले.

ती गेल्यावर ते खोक्यावर बसले. एकाने पंप झाकायला सांगितला, दुसरीने काटा. लोकांची इंजिनं उघडता उघडता त्यांची गुपितं सांभाळायची, हे काम त्यांनी कधी पत्करलं होतं कुणास ठाऊक! गुडघा ठणकत होता. मेहुणा चहा घेऊन आला. गॅरेजमधलं वायरिंग आणि कॉम्प्युटर तोच बघायचा. म्हणाला, "दाजी, गाडीपेक्षा तुमचंच तोंड जास्त उतरलंय." मिस्त्री हसले नाहीत. चहा तेवढा प्यायले.

मग कामाला लागले. स्टार्टर मारायचा नाही, हे पहिलं. पाण्याची टाकी कोरडी ठणठणीत होती. ऑइलचं झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला साय धरल्यासारखा दुधाळ थर. म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलेलं. त्यांनी प्लग काढून फळीवर ओळीने मांडले. दोन तपकिरी, एक काळा आणि तिसऱ्या सिलिंडरचा वाफेने धुऊन निघाल्यागत पांढराशुभ्र. पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहिलं. फिरलं, पण एका जागी खरखरत, अडत. मग कॉम्प्रेशन मोजलं. पहिला सिलिंडर ठीक. दुसऱ्याने आणि तिसऱ्याने निम्माही दाब दिला नाही. चौथा अधलामधला. त्यात चमचाभर ऑइल सोडलं तर काटा वर चढला, म्हणजे तिथल्या पिस्टनच्या रिंगा गेलेल्या. दुसऱ्या-तिसऱ्यात ऑइल सोडून काही फरक पडला नाही. दोघांच्या मधे दाब अडवून धरणारं गॅस्केट जळालं असणार.

तोवर मेहुण्याने गाडीच्या कॉम्प्युटरमधली नोंद काढली. लाल रेघ ओलांडल्यावर इंजिन अकरा मिनिटं चालत होतं.

"अकरा मिनिटं म्हणजे मुद्दामच चालवली की," मेहुणा म्हणाला.

 संध्याकाळपर्यंत मिस्त्रींनी इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं आणि सकाळी या म्हणून जहाजवाल्याला निरोप धाडला.

सकाळी जहाजवाला आला तो एकटा नव्हता. हॉस्पिटलमध्ये वडिलांचा डबा द्यायला वहिनीला त्याच्याबरोबरच जायचं होतं. ती दाराशीच घुटमळली. मिस्त्रींनी दोघांकडे पाहिलं. रात्री त्यांनी बराच विचार केला होता. कुणाला काय सांगायचं, कुणापासून काय लपवायचं, याची जुळणी करता करता त्यांचं डोकं शिणलं होतं. शेवटी इंजिनात जे दिसतंय ते क्रमाने सांगायचं, पुढे ज्याचं त्याने बघावं, असं ठरवून ते झोपले होते.

त्यांनी वहिनीलाही आत बोलावलं. सगळ्यात आधी पंप दाखवला. सीलमधून पाणी गळून गळून खाराचे थर चढले होते. हे एका दिवसाचं काम नव्हे, म्हणाले, महिनोन्महिने झिरपत होतं. पाणी संपलं म्हणून इंजिन तापलं. मग हेडवर पोलादी पट्टी आडवी धरून खालून धातूची पत्ती सरकवून दाखवली. जिथे कागदही जाऊ नये तिथे चांगली जाड पत्ती आरपार जात होती. हेड वाकलं होतं, दोन व्हॉल्व्हच्या मधे चीर गेली होती. चौथ्या सिलिंडरच्या भिंतीवर पिस्टनने नखांनी ओरबाडल्यासारखे ओरखडे काढले होते. हेड बदलून भागणार नाही, म्हणाले, अख्खं इंजिनच गेलं. शेवटी त्यांनी अकरा मिनिटांचा कागद पुढे केला.

जहाजवाल्याने कागद दोनदा वाचला.

"वहिनी, काटा दिसला होता तुम्हाला?"

"दिसला. लाल दिवाही लागला होता, घंटीही वाजत होती." ती खाली फरशीकडे बघत होती. "पण बाबा बोलायचे थांबले होते, भाऊजी. पुलापर्यंत काहीतरी पुटपुटत होते, नंतर तेही नाही. गाडी थांबवायचा विचारच मनात आला नाही. तुमच्या गाडीचं वाटोळं करतेय हे कळत होतं, तरी नाही."

 पंप उचलून जहाजवाल्याने खारावरून अंगठा फिरवला. मग मिस्त्रींना विचारलं, की आणखी दोन मिनिटं लागली असती तर काय झालं असतं.

क्षणभर मिस्त्रींना वाटलं, खोटं सांगावं. पण आता तेवढंही त्राण नव्हतं.

"रस्त्यातच इंजिन जाम झालं असतं," ते म्हणाले.

जहाजवाला खोक्यावर बसला. चांगला उंचापुरा माणूस एकदम लहान दिसायला लागला.

"हा पंप गळतोय हे मला माहीत होतं, वहिनी. मिस्त्रींनी दाखवलं होतं. माझ्या हाताखालच्या कुणी जहाजावर असा पंप सोडला असता, तर पुढच्या बंदरात मी त्याला उतरवून दिलं असतं. आणि इथे किल्ली भिंतीवर लटकवून मी खुशाल निघून गेलो." त्याने पंप खाली ठेवला. "बाबा पोचले नसते तर?"

"पोचले ना," वहिनी म्हणाली.

ती त्याच्याजवळ गेली नाही, समजूत घालत बसली नाही. त्या दिवसापासून तिची धड झोप झालेली नव्हती, ते तिच्या डोळ्यांवरून दिसतच होतं. थोड्या वेळाने तिने डबा या हातातून त्या हातात घेतला आणि भेटीची वेळ टळेल म्हणाली. तो उठला. दुसरं इंजिन शोधू का, असं मिस्त्रींनी विचारलं, तर म्हणाला, घाई नाही, राहू दे गाडी तशीच. दोघं बाहेर पडले. फाटकाशी त्याने तिच्या हातातला डबा स्वतःकडे घेतला, एवढं मिस्त्रींना दिसलं.

पुढे गाडी अडीच महिने गॅरेजच्या कोपऱ्यात पडून होती. मग दुसऱ्या कुणीतरी, स्वतः इंजिन बसवायची हौस असलेल्या माणसाने ती विकत नेली. जहाजवाल्याचे वडील काठी टेकत का होईना, चालायला लागले.

पण त्या दिवशी, दोघं गेल्यावर, मेहुण्याने पुढची गाडी आत घेऊ का म्हणून विचारलं. मिस्त्री नको म्हणाले. त्यांनी हात धुतले, पाने पुसून जागेवर लावले आणि भर दुपारी घरी गेले. बायकोने दार उघडलं आणि घाबरून कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. काय झालं म्हणून ती विचारत राहिली, तर काही नाही, दमलोय, एवढंच ते म्हणाले आणि कूस वळवून झोपले.