कंबर हलली नाही पाहिजे

मी एक जुनी बेसबॉलची बॅट आहे. मित्रांनो, आमच्या गावात मला बॅट कोणी म्हणतच नाही, "ते पत्र्याचं दांडकं" म्हणतात. पत्र्याचं म्हणे! अहो, मी चांगल्या ॲल्युमिनियमची, लांबच्या कारखान्यात भट्टीत तापून घडलेली. कुठल्याशा योजनेत पुणतांब्याच्या अलीकडच्या एका शाळेत आले आणि खेळाच्या कपाटात हवा गेलेल्या फुटबॉलशेजारी पडून राहिले.

मला बाहेर काढलं ते बजरंग सरांनी. सर मूळचे पैलवान. बेसबॉल त्यांनी मोबाईलवर पाहिला होता तेवढाच. पण छाती पुढे काढून सांगायचे, "ताकद दंडात पाहिजे. पाय रोवा, हलू नका, हाणा!" पोरं हाणायची आणि चेंडू समोरच्याच्या पायाशी लोळत जायचा. मला तर मेलं तोंड लपवावंसं वाटायचं.

मग एक दिवस दहावीतल्या स्नेहलने मला हातात घेतलं. काडीसारखी पोरगी. सरांनी चेंडू टाकला, आणि काय सांगू तुम्हाला! मी अशी फिरले की माझी मलाच ओळख पटली. चेंडू कुंपणापल्याडच्या घासाच्या वाफ्यात जाऊन पडला.

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिचे वडील गहिनीनाथ ट्रॉलीत उभे राहायचे आणि ही खालून कडब्याच्या पेंढ्या वर फेकायची. नुसत्या हाताने फेकली तर पेंढी चाकापाशीच पडते. टाच वळवून कंबर झोकली की थेट वर जाते. माझंही तसंच असतं, मित्रांनो. जोर निघतो जमिनीतून. मागच्या पायाची टाच वळते, मागोमाग गुडघा, मग कंबर चेंडूकडे उघडते. खांदे मात्र अजून मागेच असतात, त्यामुळे अंगाला पीळ बसतो. तो पीळ सुटला की खांदे, दंड, मनगटं, आणि सगळ्यांत शेवटी मी. पंगतीत शेवटी बसते खरी, पण पक्वान्न माझ्याच ताटात पडतं.

गहिनीनाथांनी घरी सांगून ठेवलं होतं, "जिल्ह्याच्या संघात नाव लागलं तर अकरावीला श्रीरामपूरला धाडीन. न्हाईतर दहावी झाली की शाळा बास." माणूस शब्दाचा पक्का होता. म्हणून स्नेहल रोज शाळा सुटल्यावर मला घेऊन मैदानात उभी राहायची.

आणि हे सरांना कसं खपावं? आपण सांगतो एक, पोरगी करते दुसरं, आणि चेंडू जातो तिचाच! एका संध्याकाळी पोरांच्या घोळक्यासमोर ते ओरडले, "कंबर काय हलवतीस गं? ग्राउंड हाय का तमाशाचा फड?"

पोरं फिदीफिदी हसली. वर्गातल्या पार्थने तिचा व्हिडिओ काढला, मागे ढोलकी लावली आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी पारावरची मोठी माणसंसुद्धा तिला पाहून ढोलकीचा ठेका धरू लागली. लाज कशी वाटली नाही मेल्यांना!

तिची आई सविता मैदानावर आली ती हातात मोबाईल घेऊनच. "लोक काय बोलत्यात, कळतंय का तुला? खेळ लई झाला. खेळायचंच आसंल तर नीट उभी राहून खेळ. पुन्यांदा कंबर हलली तर तंगडं मोडीन!" आणि सगळ्यांदेखत तिची ओढणी कमरेला करकचून आवळली. बजरंग सर शेजारीच उभे होते. "आता कसं शिस्तीत दिसतंय," म्हणाले.

स्नेहल रडली नाही. मला कपाटात ठेवलं आणि आईमागोमाग घरी गेली.

निवड चाचणी नगरला झाली. स्नेहल पाय रोवून उभी राहिली, सर सांगायचे अगदी तशी. पहिला चेंडू आला. मला वाटलं, आता टाच वळेल. मी आतल्या आत ओरडत होते, फिर गं बाई, फिर! पण ती फिरली नाही. नुसत्या दंडांनी तिने मला ढकललं आणि चेंडू तिच्याच पायाशी घरंगळला. पुढचे चेंडूही तसेच गेले. तिचं नाव वाचलं गेलं नाही.

निवड समितीतल्या एक बाई सरांना म्हणाल्या, "अहो, चेंडूवर नजर छान आहे मुलीची. पण कमरेतून फिरतच नाही. सगळी ताकद तिथेच असते ना?"

सर मान हलवून म्हणाले, "किती वेळा सांगितलं मॅडम, पण ऐकत न्हाई."

स्नेहल तिथेच उभी होती. तिने सरांकडे पाहिलं.

सोमवारी मैदानावर सर पोरांना शिकवत होते, "कंबर फिरवा रे! टाच वळवा! खरी ताकद तिथं हाय!" पार्थने कंबर झोकून चेंडू लांब मारला तेव्हा सरांनी त्याची पाठ थोपटली. तेव्हा ढोलकी कोणाला आठवली नाही. बाकीच्यांना काही जमेना, म्हणून सरांनी नळावर पाणी प्यायला आलेल्या स्नेहलला हाक मारली. "ये गं, दाखव यांना. तुला येत हुतं की."

ती आली. मला उचललं. चेंडू आला, आणि तिची कंबर हललीच नाही. पुन्हा टाकला, तरी नाही. तिला फिरायचं होतं, मित्रांनो, माझी शपथ, तिच्या बोटांतून मला कळत होतं. पण अंगच आता तिचं ऐकेना. पोरं पुन्हा हसली, या खेपेला ती हलत नाही म्हणून. सरही हसले. "जाऊ दे," म्हणाले, "पोरींचं काम न्हाई हे."

उन्हाळ्यात दहावी संपली. गहिनीनाथांनी शब्द पाळला. मी अजून कपाटातून रोज निघते आणि पोरं मला चांगली फिरवतात.

मला पुसा, मला जपा, असलं काही मी मागत नाही. माझ्या अंगावर पोचे पडले तरी मी चालते. पण कोणी आपल्या अंगाने, आपल्या ढंगाने काही चांगलं करत असेल, तर मित्रांनो, हसण्याआधी दातांखाली जीभ धरा. तुमचं हसणं दोन घटकांत संपतं. त्या पोरीची शाळा संपली.