यादीतले शंभरावे नाव

मी कागदावर लिहून दिलेली शंभर माणसे सोमवारी सकाळी शहरातील एकाच इमारतीत राहायला आलेली होती. यादीत ज्याचा जो क्रमांक, तोच त्याच्या दाराचा. एका मजल्यावर दहा दारे, असे दहा मजले. तळाशी लावलेल्या पाटीवर माझेच अक्षर होते. घाईत खोडलेले एक नावही तसेच खोडलेले होते.

यादी शनिवारी लिहिली होती. पाणी शुद्ध करणारी यंत्रे विकण्याच्या कामावर मी त्याच दिवशी लागलो. वय एकोणीस, शहरातला तिसरा दिवस. आमच्या गटाचे प्रमुख कुलथे सर अत्यंत स्वच्छ गृहस्थ होते. त्यांच्या नखांखाली काहीही नव्हते.

"पगार नाही," ते म्हणाले. "कमिशन. एका यंत्रामागे एक पेला पाणी."

"आणि नाही विकलं गेलं तर?"

"तर तहान लागेल. तहान लागली की माणूस चांगलं बोलतो." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "ओळखीची शंभर माणसं लिही. शंभरच. एक कमी पडलं तरी यादी घेत नाही आम्ही."

मी जिंतूरजवळच्या एका लहान गावचा. शाळा, पाहुणे, देवळाचा पार, किराणा दुकान असे सगळे आठवून नव्याण्णव नावे झाली. पुढे सुचेना.

"आई आहे ना?" कुलथे सर म्हणाले. "लिहून टाक. शेवटच्या नावापर्यंत कोण पोचतंय!"

मी मायचे नाव लिहिले.

काम सोपे होते. गिऱ्हाइकाच्या घरातले पिण्याचे पाणी काचेच्या पेल्यात घ्यायचे. डब्यातल्या दोन लोखंडी काड्या त्यात बुडवायच्या, बटण दाबायचे आणि गप्प राहायचे. अर्ध्या मिनिटात पाणी पिवळे होते, मग तपकिरी, मग त्यावर शेवाळासारखा गाळ तरंगतो. "हे तुम्ही रोज पिता," एवढे एकच वाक्य बोलायचे. गाळ काड्यांचा असतो, हे कुलथे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. त्यांनी ते लपवले नाही. "गंज आहे तो. पण गिऱ्हाईक काड्यांकडे बघत नाही, पाण्याकडे बघतं."

पहिल्या दारात दिगंबर गुरुजी होते. मला अक्षर त्यांनी शिकवले. त्यांनी माझे दप्तर खांद्यावरून उतरवून घेतले आणि स्वतः माठातून पाणी आणले.

"शहर मानवलेलं दिसतंय. बूट घातलास."

मी काड्या बुडवल्या. गाळ वर आला. त्यात खडूचे तुकडे होते, पांढऱ्या मिशीचे केस होते आणि दुधाच्या दातासारखे काहीतरी होते. हे माझ्या प्रशिक्षणात नव्हते. तरी मी माझे वाक्य बोललो.

गुरुजींनी पेला उजेडाकडे धरला. "चाळीस वर्षं हेच पाणी मी वर्गातल्या पोरांना दिलं," ते म्हणाले. त्यांनी खरेदीच्या अर्जावर सही केली. मग खिडकीशी जाऊन थुंकले. थोड्या वेळाने पुन्हा थुंकले.

कुलथे सर जिन्यात टेबल मांडून बसले होते. त्यांनी मला पेला दिला. त्या पाण्याला चव नव्हती, वास नव्हता, गारवाही नव्हता. इतके स्वच्छ काहीतरी माझ्या आत प्रथमच जात होते. मी पेला खाली ठेवला आणि समोरच्या नळाकडे पाहिले. नळातून गाळ पडत होता. त्या दिवसापासून मला दुसरे कोणतेही पाणी पाणी म्हणून दिसले नाही.

रोज एक मजला होत असे. विकून झालेल्या मजल्यावरची माणसे दारे उघडी टाकून दिवसभर थुंकत असत, कारण त्यांना स्वतःच्या तोंडातले पाणीही सहन होईना. जिन्यावर थुंकीचा जाड, कोमट थर साचला. तो आधी पायरीइतका होता, नंतर घोट्याइतका झाला. परत खाली जायचे तर त्यातून जावे लागले असते, म्हणून मी वरच राहू लागलो. कुलथे सरांचे टेबलही रोज एक मजला वर येई. मजल्यागणिक छत थोडे खाली येत होते. पाचव्या मजल्यावर मला मान वाकवावी लागली.

चौतिसाव्या दारात शकूमावशी होती, मायची धाकटी बहीण. ती मांडीवर नातीला घेऊन बसली होती. पोर सात महिन्यांची होती आणि तिच्या हनुवटीवरून लाळ गळत होती.

"या, साहेब!" मावशी म्हणाली. "बस की. चहा ठेवते."

"नको मावशी."

"का रं? शहरात गेलास आन् आमचा चहा बाटला व्हय? लहानपणी माझ्या बशीतला ओढून प्यायचास, मेल्या."

तिने चहा ठेवलाच. कपावर साय धरली होती आणि सायीखाली काहीतरी सावकाश हलत होते. मी कप दूर सरकवला. मावशीचे हसणे थांबले. मग मी काड्या काढल्या, कारण त्या दिवशी मला अजून एकही पेला मिळाला नव्हता.

गाळात बांगडीची काच होती आणि जावळाचा गुंता होता. मावशीने पेल्याकडे पाहिले. मग तिने नातीच्या हनुवटीकडे पाहिले. तिने पोरीला मांडीवरून उचलले, हात लांब धरून फरशीवर ठेवले आणि पदराला हात पुसले. पोर रडू लागली. मावशी तिच्याकडे गेली नाही.

"सही कुठं करू?" तिने विचारले.

मी जागा दाखवली.

जिन्यात कुलथे सरांनी माझी पाठ थोपटली, मग रुमालाने हात पुसला. "छान. तू चेहरा चांगला ठेवतोस. मनापासून किळस वाटल्यासारखा."

"वाटते," मी म्हणालो.

"म्हणूनच."

सातव्या मजल्यानंतर एका पेल्याने माझी तहान अर्धा तासही भागेना. आठव्या मजल्यावर काड्या हातातून सुटेनाशा झाल्या. नवव्यावर त्या शोधू गेलो तर डब्यात नव्हत्या. माझ्या दोन्ही तर्जन्या गार, करड्या आणि ताठ झाल्या होत्या. बटणाचीही गरज उरली नाही. मी हात डबा धरल्यासारखाच धरू लागलो, म्हणजे गिऱ्हाइकांना वेगळे वाटू नये.

नव्याण्णवाव्या दारात बाबू न्हावी होता. दार इतके बुटके होते की मी गुडघ्यांवर आत गेलो. त्याने पेल्यात पाणी दिले आणि माझी बोटे पाण्यात जाऊन गाळ वर येईपर्यंत तो शांतपणे पाहत राहिला.

"हे तुम्ही रोज पिता," मी म्हणालो.

"अच्युता, मी चाळीस वर्षं वस्तरा धुतोय," बाबू म्हणाला. "लोखंडाचा गंज मला शिकवतो का? हा तुझ्या बोटांचा आहे."

मी बोटे पेल्यातून काढली.

"तुला ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग?"

"तहान लागली आहे, काका."

त्याने माठातून दुसरा पेला भरला आणि माझ्यासमोर धरला. "पी की मग. विकू नको, पी."

मी पेल्यात पाहिले. हे पाणी स्वच्छ आहे हे मला कळत होते. तरी त्यात साबणाचा फेस आणि शंभर गालांवरचे खुंट एकमेकांत गुरफटून फिरताना दिसत होते. पेला ओठांना लागताच पोट उलटले. बाहेर काही आले नाही. आत काही नव्हतेच. बाबूने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याचा तळवा ओलसर होता. मी तो झटकला.

"जा बाबा," तो म्हणाला. त्याने सही केली नाही.

जिन्यात कुलथे सरांनी पेला भरून ठेवलेला होता. त्यांनी तो आपल्याकडे ओढून घेतला.

"एकच दार राहिलं," ते म्हणाले.

"सर, ते नाव नुसतं संख्या भरायला लिहिलं होतं."

"सगळेच तसं लिहितात." त्यांनी अर्ज पुढे केला. अर्जावर मायचे नाव आधीच भरलेले होते. खालून थुंकीचा थर वर चढत होता आणि त्याचा बारीक बुडबुड आवाज येत होता. आता तो टेबलाच्या पायांना लागला होता.

शंभरावे दार उघडेच होते. आत आमचा आड होता. त्याचा कठडा, त्यावरचे दोराचे घासलेले चर, बाजूचे तुळशीचे डबडे, सगळे छताखाली नीट मावले होते. माय वाकून दोर ओढत होती. तिने बादली कठड्यावर टेकवली आणि माझ्याकडे पाहिले.

"किती वाळलास रं," ती म्हणाली. "खायला घालीत न्हाईत का?"

"घालतात."

"तोंड बघ कसं सुकलंय. आधी पाणी पी, मग बोल."

मी हात पाठीमागे घेतले. "माय, नको. मी कामावर आलो आहे."

"काम कुठं पळून चाललंय?"

तिने बादलीतून तांब्या बुडवून भरला. तांब्याच्या काठावरून पाणी निथळले. त्यात मला काहीही दिसले नाही. मी पुन्हा पाहिले. त्यात आडाचा तळ दिसावा इतके ते नितळ होते. माझ्या तोंडात इतक्या दिवसांनी पाणी सुटले, आणि मला त्याचीही किळस आली नाही.

"तोंडात ओत, माय," मी म्हणालो. "वरून."

"ठसका लागतो तुला. लहानपणापासून लागतो. धर, ओंजळ धर."

"वरूनच ओत."

"असं काय करतोस? हात दाखव बरं. काय लागलंय हाताला?"

"काही नाही."

"मग धर की."

मागे जिन्यात कुलथे सरांनी पेन उघडल्याचा टक असा आवाज आला. मायने तांब्या कलता केला होता. पाणी पडायला लागले होते, आणि ते फरशीवर सांडणार होते. मी ओंजळ पुढे केली.

पाणी गार होते. ते बोटांच्या मध्ये भरले, आणि मी तोंड खाली नेण्याआधीच कडेने पिवळे होऊ लागले. मग तपकिरी झाले. मग त्यावर गाळ धरला, त्यातून तुळशीचे एक पान फिरत वर आले.

माय माझ्या ओंजळीकडे पाहत होती. गाळ माझ्या बोटांचा आहे, हे मला सांगायचे होते. तोंड उघडले तेव्हा माझ्याकडे ते एकच वाक्य होते, म्हणून मी ओठ मिटून घेतले.

तिने धार थांबवली नाही. तिने तांब्या आपल्याकडे थोडा वळवला आणि आतल्या पाण्यात डोकावून पाहिले.