न वापरलेली खोली

तिने चादरीची कड गादीखाली खोचली, तळहाताने एक फटका मारून पलंग सपाट केला आणि मग तिच्या लक्षात आलं, की आज आपण इथे पाहुणे आहोत.

"अगं, राहू दे ना," नवरा बुटाच्या नाड्या बांधत म्हणाला. "आजही तेच?"

"हात गप्प बसत नाहीत."

याच हॉटेलात खोल्या आवरण्याची तिची एकोणीस वर्षं पूर्ण झाली, म्हणून मॅनेजरांनी दोघांना एक रात्र इथे फुकट राहायला दिलं होतं. नवऱ्याच्या लेखी हा निरोपसमारंभच होता. मुलगा कमवायला लागलाय, आता कशाला लोकांचे पसारे उपसायचे, असं तो महिनाभर तिच्या कानीकपाळी ओरडत होता. "खोल्या तर आवरायच्या, त्यात काय एवढं?" हे आणखी वर. आज जाता जाता तिने नोकरी सोडत असल्याचं सांगायचं, असं ठरलं होतं. म्हणजे त्याने ठरवलं होतं. तिने नुसती मान हलवली होती. बायकोच्या हललेल्या मानेला होकार समजणारा तो काही पहिलाच नवरा नव्हे.

नाश्ता आटोपून दोघं मॅनेजरांच्या केबिनबाहेर बसली होती, तेवढ्यात चिमणी धापा टाकत आली. हिच्याच मजल्यावर काम करायची. तोंडाची टकळी थांबत नसे म्हणून सगळे चिमणी म्हणत. दोन लेकरांची आई, कामाला लागून दोनच महिने झालेले.

"ताई, तुम्ही रात्री राहिला नाहीत का?"

"राहिलो की. का गं?"

चिमणीचा चेहरा उतरला. "पलंग बघून मला वाटलं, खोली वापरलीच नाही. चादरी न बदलता तयार म्हणून कळवून टाकलं मी. पाहुणे काउंटरवर आलेत, ताई. कळलं तर मला घालवतील हो."

आता यात चिमणीला काय बोलणार? चूक तर हिच्या हातांची होती.

"तू धुतलेल्या चादरी आण. अहो, चला."

कुठे, कशाला, हे विचारायच्या आत नवरा लिफ्टमध्ये होता.

वर चिमणी टॉवेल बदलायला बाथरूममध्ये घुसली. पलंगाच्या एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला तो.

"ओढा. अजून. सुरकुती दिसतेय मला इथून."

त्याने ओढली, तर कोपराच सुटला.

"कमरेत वाकू नका, गुडघा टेका. नाहीतर पाठीची वाट लागेल."

हा आवाज त्याने घरात कधी ऐकला नव्हता. एका उशीला अभ्रा घालता घालता त्याला घाम फुटला, तोवर तिच्या तीन झाल्या होत्या. वर बाईसाहेब चक्क गुणगुणत होत्या.

काम झाल्यावर तिने दोन पावलं मागे जाऊन पलंग पाहिला. तिला फार बरं वाटलं, आणि तिने ते लपवलंही नाही.

"दिवसाला असे किती?" त्याने विचारलं.

"चौदा."

चिमणी काढलेल्या चादरी उराशी धरून दारात थांबली. "ताई, तुम्हाला मॅनेजरांशी काही बोलायचं होतं ना?"

"हो. त्यांना सांग, खोली छान होती. उद्या सकाळी सहाला येते मी."

तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. तो दमून पलंगावर टेकायला निघाला होता. अर्ध्यात थांबला, सरळ झाला आणि उभाच राहिला.