वजनापुरता माणूस

नवरा गेल्यावर लोक बाईला काय काय आणून देतात. हिनं मागितली वाळू. बंदरातल्या दुरुस्तीच्या शेडमध्ये जाऊन पोती भरून घेतली, काट्यावर चढवली, नवऱ्याच्या वजनाइतकी होईपर्यंत ओंजळीनं कमी-जास्त केली आणि बोटीतल्या डावीकडच्या खुर्चीत पट्ट्यानं आवळून बांधली. धक्क्यावरचे लोक तोंडावर काही बोलले नाहीत. मागून बोलले असणारच. लोकांना तोंड काय नुसतं जेवायला दिलेलं असतं?

पण बाईचं डोकं ठिकाणावर होतं. तिचा हिशेब साधा होता. बोट लांबट, अरुंद, मागे दोन दांडगी इंजिनं. पूर्ण वेगात निघाली की निम्मीअधिक पाण्याबाहेर असायची. अशी बोट नाकाला फार हलकी. जरा तोल गेला की नाक उचलते, आपटते, पुन्हा उचलते. ते आवरायला बोटीच्या मागच्या कडेला, अगदी पाण्यालगत, पोलादाच्या दोन पट्ट्या असतात. ट्रिम टॅब म्हणतात त्यांना. बटण दाबलं की त्या खाली झुकतात, मागची बाजू वर येते आणि नाक खाली दबतं. बटणं असायची डावीकडे, नवऱ्याच्या बोटांखाली. सुकाणू आणि वेगाचा दांडा मात्र हिच्या हातात, आणि त्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

तिची बोट अख्ख्या बंदरात प्रसिद्ध होती. कितीही वेगात जावो, पाण्यावरून इस्त्री फिरवल्यासारखी जायची. कुणी कौतुक करायला लागलं की नवरा हात झटकायचा. "मला नका सांगू. पट्ट्या वरच ठेवलेल्या असतात. सगळी तिची करामत, मी आपला वजनापुरता." लोक हसायचे. तीही हसायची, "अहो, पुरे," म्हणायची, आणि खरं सांगायचं तर तिला ते पटलेलंही होतं. आपली स्तुती पटायला वेळ लागतो कुणाला?

तो गेला आणि बोट उड्या मारायला लागली. वजन कमी झालं म्हणून असणार, असं हिनं ठरवून टाकलं.

लेक दोन दिवसांसाठी आली होती. दुसऱ्या गावी तिचं घर, नोकरी, संसार. दर फोनला तिचं एकच पालुपद, "आई, तू माझ्याकडे चल." रात्री झोप लागत नाही म्हणे तिला, आई एकटीच बोट घेऊन जाते या विचारानं. आणि आईला हे घर सोडायचं नव्हतं. खिडकीतून बोट दिसते, त्या घरातून निघून लेकीच्या सोफ्यावर पाहुणीसारखं बसायचं, याचा विचारही तिला सोसत नव्हता.

शेवटी लेक म्हणाली, "बरं. उद्या दुपारी मी धक्क्यावर उभी राहते. तू एकटीनं पूर्ण वेगात पाण्यातल्या त्या दिव्याच्या खांबापर्यंत जाऊन ये. बोट बाबा असताना जायची तशी गेली, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. उड्या मारल्या, तर बोट विकायची आणि मुकाट्यानं माझ्याबरोबर यायचं."

"चालेल," आई म्हणाली. उचलली जीभ लावली टाळ्याला.

सकाळी वाळू घेऊन ती सरावाला गेली. बोटीनं अशा उड्या मारल्या की एक पोतं फाटलं. वाऱ्यानं वाळू डोळ्यांत, कानांत, दातांखाली. परत येऊन तिनं चूळ भरली आणि मागचं झाकण उघडून आत डोकं घातलं. पट्ट्यांमध्येच काही बिघाड असेल, असं वाटलं तिला. पट्ट्या ठणठणीत होत्या. पण त्या हलवणारी छोटी मोटर कोरी करकरीत होती. आजूबाजूचं सगळं जुनं, गंजायला आलेलं, आणि मधे ही नवी नवरी.

बोटींची कामं करणाऱ्या मेकॅनिकला सगळे पान्या म्हणत. नवऱ्याचा जुना दोस्त, म्हणून ती मात्र भावजी म्हणायची. तिनं त्याला हाक मारली.

"भावजी, ही मोटर कधी बदललीत?"

"झाली असतील दोन वर्षं."

"का? जळली होती?"

"हं."

"आणि त्याच्या आधीची?"

पान्यानं हात पुसायचं फडकं खांद्यावरून काढलं आणि स्वच्छ हात पुसायला लागला. "तीपण जळली होती. जाऊ द्या ना वहिनी, आता कशाला उकरून काढता?"

"पट्ट्या वरच असायच्या ना? मग नुसतं बसलेल्या माणसाची मोटर जळते कशी?"

पान्या बोटीच्या काठावर बसला.

"तुमचा उजवा हात स्वस्थ बसत नाही, वहिनी," तो म्हणाला. "नाक जरा पडलं की तुम्ही वेग वाढवता, उचललं की कमी करता. तुमच्या ध्यानातही येत नाही. झोपाळ्याला धक्का दिल्यासारखं होतं ते. मग हे आपले बटणं दाबून तो झोका जिरवत बसायचे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक मिनिट हात रिकामा नाही. मला म्हणाले होते, तिच्याजवळ बोललास तर बघ."

"बंदरात सगळ्यांना माहीत होतं?"

पान्या फडक्याची घडी घालायला लागला. म्हणजे अळीमिळी गुपचिळी. एवढी वर्षं सगळे तिच्या करामतीला टाळ्या वाजवत होते आणि ती वाकून वाकून त्या घेत होती.

तिला रडू आलं नाही, राग आला. असा राग की तडक घरी जावं, दारातूनच आवाज चढवावा, "अहो, मला काय दूधखुळी समजलात?" म्हणावं, आणि दोन दिवस अबोला धरावा. मग तिच्या लक्षात आलं की अबोला धरायलाही समोर माणूस लागतो. सांत्वनाला आलेल्या एवढ्या लोकांपैकी हे कुणी सांगितलं नव्हतं.

"पोती उतरवा," ती म्हणाली. सांडलेली वाळू तिनं स्वतः झाडून काढली.

दुपारी लेक धक्क्यावर येऊन उभी राहिली. बाईनं डावीकडची बटणं वाकून दाबली, पट्ट्या बोटभर खाली घेतल्या आणि निघाली. वेग वाढवत नेला. दांडा हवा तिथे आला, तसं नाक उचललं. हात शिवशिवला. तिनं उजवा हात दांड्यावरून काढला आणि सरळ मांडीखाली घालून त्यावर बसली. एका हातानं सुकाणू. नाक आपटलं, उचललं, पुन्हा आपटलं, पण आधीपेक्षा हलकं. मग आणखी हलकं. आणि मग बोट पाण्यावर टेकली ती टेकलीच.

खांबाला वळसा घालून ती परत फिरली. पाणी खालून सपाट पळत होतं. म्हणजे एवढंच होतं तर. पट्ट्या जरा खाली आणि हात स्वस्थ. एका वाक्याचं काम. त्यानं ते वाक्य कधीतरी सांगितलं असतं, तर उरलेली सगळी वर्षं मोकळ्या हातांनी बसला असता, पाणी बघितलं असतं, कदाचित तिचा हात धरला असता. का नाही सांगितलं? तिला वाईट वाटेल म्हणून? की सांगितलं, तर आपण खरोखरच वजनापुरते उरू, ही त्याला भीती होती? तिनं डावीकडे पाहिलं. विचारायची गोष्ट ओठावर होती आणि तिथे कुणी नव्हतं. दुखवटा, भेटायला येणारे, कपाटातले कपडे वाटून टाकणं, सगळं होऊन गेलं होतं, पण तो गेला हे तिला तिथे, भर उन्हात, त्या सपाट पाण्यावर कळलं.

धक्क्याला लागली तेव्हा लेकीचे डोळे भरलेले होते.

"एकदाही उडी मारली नाही गं, आई. बाबा असतानासारखीच गेली."

"हं."

"मी उगाच घाबरत होते. तुझं तुला सगळं येतं. राहा तू इथेच. मी शब्द दिलाय."

आईनं दोर बांधायला घेतला. गाठ नेहमीची होती, तरी तिला वेळ लागला. लेकीनं आता शब्द मोडावा, दटावून म्हणावं, ते काही नाही, तू चल माझ्याबरोबर, असं तिला इतकं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. पण लेक तिचीच होती. दिला शब्द पाळणारी.

"चहा घेऊन जा," आई म्हणाली.

"नको, आत्ताच निघते. अंधार पडायच्या आत पोचेन."

लेकीनं तिला घट्ट मिठी मारली, बॅग गाडीत टाकली आणि निघाली. दर वेळी ती कोपऱ्यावर गाडी थांबवून, काच खाली करून मागे बघायची. या वेळी थांबली नाही. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच तिला आईची काळजी वाटत नव्हती.