डावी बाजू वर

मित्रांनो, मी एक जुना सेल्युलॉइडचा ताव आहे, काचेसारखा आरपार दिसणारा. ज्या काळी कार्टूनचे चित्रपट हाताने काढत, त्या काळी टोकियोतल्या एका लहानशा चित्रशाळेत माझा जन्म झाला. माझ्या पुढच्या बाजूवर एका मुलीच्या रेघा उमटल्या आणि पाठीवर फुसाएबाईंनी रंग भरले. रंग नेहमी पाठीवरच भरत, म्हणजे पुढची रेघ स्वच्छ राही.

आमचा चित्रपट होता वारा हरवलेल्या गावाचा. एक मुलगी कागदी माशावर बसून वाऱ्याला परत आणायला जाते. काय सांगू, त्यातले गवत असे डोलायचे की पाहणाऱ्याच्या गालाला झुळूक लागावी! आईबापही मुलांइतकेच हसत. पण खोटे कशाला बोलू? मधला भाग फार रेंगाळला होता, आणि दुष्ट राजा एका गाण्यात सुधारतो हे तर कुणालाच पटले नाही. शेवटाला वेळच उरला नाही. मुलगी घरी परतते ते दृश्य नव्याने काढले नाही. तिच्या जाण्याचीच चित्रे आरशातल्यासारखी उलटी करून आम्हा भावंडांवर गिरवली. मी त्यांतलाच एक.

बाईंची लेक नागिसा तेव्हा इस्पितळात होती. पडद्यावरच्या मुलीच्या गालावरची खळी तिचीच. डॉक्टरांनी एका दुपारची मोकळीक दिली, तेव्हा मायलेकी चित्रपटाला गेल्या. परतीचे दृश्य आले आणि नागिसा खुदकन हसली.

“आई, झोपेत रंगवलंस की काय? हिचा किमोनो बघ, उजवी बाजू वर!”

आमच्याकडे किमोनोची डावी बाजू वर घेतात. उजवी वर असते ती फक्त मेलेल्या माणसाच्या अंगावर. उलटे गिरवताना गळाही उलटला होता. बाईंना ते दिसणार कसे? त्या पाठीकडून रंगवत होत्या, आणि तिकडून तो अगदी बरोबर दिसत होता.

नागिसाचे हसू मावळले. “म्हणजे ती घरी पोचलीच नाही का गं?”

“पोचली गं. ते आमचं चुकलं.”

दुसऱ्या दिवशी बाई दिग्दर्शकांपुढे उभ्या राहिल्या. “होरिगुची-सान, एवढं एक दृश्य पुन्हा काढू या. मी घरी बसून रंगवीन.”

“फुसाए-सान, चित्रपट गावोगाव लागलाय! पोरं मासा बघतात हो. गळा कोण बघतंय?”

“माझी बघते.”

पण दृश्य तसेच राहिले. पानगळीच्या दिवसांत नागिसा घरी आली, पांढऱ्या किमोनोत, उजवी बाजू वर.

काम संपलेले ताव तेव्हा कचऱ्यात जात. त्या ढिगातून बाईंनी मला उचलले आणि घरच्या भिंतीवर उलटे टांगले, पाठ पुढे करून. या बाजूने रेघा रंगाखाली झाकल्या जातात, नाकडोळ्यांचे नुसते ठिपके होतात. पण गळा सुधारतो. उघडा पडलेला रंग मात्र दर हिवाळ्यात थोडा झडतो. खळी कधीच गेली. बाई खाली पडलेले कण बोटाने टिपतात आणि एका चहाच्या डबीत ठेवतात.

परवा जुनी चित्रे जपणारी एक मुलगी आली. “आजी, हे उलटं लागलंय. रंग निघतोय बघा. सुलटं करून काचेत घालू?”

“राहू दे पोरी. सुलटंच आहे ते.”

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांना ऊन-धूळ लागू देऊ नका, असे माझे भाईबंद तुम्हाला सांगतील आणि ते खरेच आहे. माझे मागणे मात्र वेगळे आहे. माझा रंग झडतो आहे तो झडू द्या. बाई आहेत तोवर मला सुलटे करू नका. ती मुलगी अजून घराच्या वाटेवर आहे.