घरावरून गेलेलं विमान

छत्तीस सालची गोष्ट. महिपत रत्नागिरीजवळच्या आपल्या वाडीत मोटारीतून उतरला तो राजापूरच्या बाजूने, म्हणजे गोव्याकडून. आनंदीबाईच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. नवरा मुंबईला नोकरीला, तार मुंबईला गेलेली, आणि स्वारी येते दक्षिणेकडून! आता बोला!

सासू गंगुबाई पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलेली. परवा तिचं बोलणं तुटक व्हायला लागलं, म्हणून आनंदीबाईने नवऱ्याला तार करवली. पण परवाची बोट मुंबईहून आधीच सुटलेली, पुढची रत्नागिरीला लागायची उद्या. मग हा आज दारात कसा? शेजारच्या गोदूबाईने दिवाळीपासून कान भरलेच होते, "अगो, खलाशी सांगतात, तुझ्या घोवाचं गोव्यात दुसरं बिऱ्हाड आहे." तेव्हा आनंदीबाईने ते हसण्यावारी नेलं होतं. आज तिला हसू येईना. पाय धुवायला पाण्याचा तांब्यासुद्धा तिने आणला नाही.

"खरं सांगा, कुठून आलात?"

"मुंबईहून. विमानाने."

मुंबईत तो विमानांच्या मैदानावर यंत्रं पुसायच्या कामाला होता, एवढं तिला ठाऊक होतं.

"साहेबाचे पाय धरले गो. त्याने टपालाच्या थैल्यांवर बसवून आणलं. काल न्याहारी करून निघालो नि जेवणाआधी गोव्याच्या मैदानात उतरलो."

"आणि रत्नागिरी?"

"ती वाटेत खालून गेली."

"म्हणजे घर ओलांडून पुढे गेलात, आणि मग मागे आलात?"

"विमान इथे उतरणार कुठे? सड्यावरच्या कातळात? गोव्याहून मोटार, मग खाडीत तरीची होडी, पुन्हा मोटार. उडत गेलो अर्ध्या सकाळीत, मागे यायला उरलेला दिवस नि आख्खी रात्र गेली."

काय सफाईदार थाप! ज्याच्या आईचं हगणंमुतणं काढलं, त्यानेच तोंडावर खोटं बोलावं?

"तुमची आई आता तुम्ही सांभाळा. मी चालले पालीला, माहेरी."

महिपत पायरीवर मटकन बसला.

"जा. तुला अडवायला मला तोंड नाही," तो म्हणाला. "वरून आधी किल्ला दिसला, मग आपली वाडी. घर काही ओळखू येईना. तेवढ्यात गोठ्याच्या छपराच्या मागच्या पाख्यावर पिवळे तुकडे वाळत घातलेले दिसले. तुझं लग्नातलं लुगडं ना गो ते? फाडून माझ्या आईखाली घातलंस?"

आनंदीबाईने चमकून गोठ्याकडे पाहिलं. गोठ्यामागे जांभ्याची उंच दरड. छपराची ती बाजू कुणाच्या नजरेला पडायची नाही. म्हातारीची बेअब्रू वाडीभर होऊ नये म्हणून ती तिथेच धडुती वाळत घालायची. घरातली जुनेरं संपली तेव्हा तिने लुगड्याला हात घातला होता, आणि हे गोदूबाईलासुद्धा माहीत नव्हतं. काल संध्याकाळी काढलेले ते तुकडे या घटकेला म्हातारीखाली होते.

महिपत ढसाढसा रडत होता. ती आत गेली, तांब्या घेऊन आली आणि त्याच्या पायांवर स्वतः पाणी ओतलं.

"चला आत," ती म्हणाली. "काल आभाळात तो घरघर आवाज आला तेव्हा आईंनी डोळे उघडले. म्हणाल्या, माझा महिपत चालला वरून. मी म्हटलं, भ्रमात बोलतायत."