माळकऱ्याच्या पोटात

"मासे खाता का?" डॉक्टरांनी मला विचारलं, पण माझ्याआधी आईच बोलली, "आमच्यात माळ हाय, साहेब. आमी अंडंसुद्धा शिवत न्हाई."

मी नुसती मान डोलावली. चाकणच्या आमच्या कंपनीत जपानी पाहुणे आले की त्यांच्यासोबत जेवायला मलाच धाडतात आणि समोर आलेला कच्चा मासा नको म्हणता येत नाही, हे आईदेखत कसं सांगणार? डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून दिल्या. पोटातली वळवळ काही थांबेना. शिफ्टमध्ये एका जागी बसवेना, घरी डोळा लागेना, उगाच सगळ्यांवर खेकसत सुटलो. शेवटी शौचाची तपासणी केली. रिपोर्ट दाखवायलाही आई हट्टाने सोबत आलीच.

"ही माशातल्या पट्टकृमीची अंडी आहेत," डॉक्टर म्हणाले. "कच्चा मासा खाल्ल्याशिवाय हा जंत होत नाही. या गोळीने मरेल तो. पण आधीच खरं सांगायला काय झालं होतं?"

पुनावळ्याला घर येईपर्यंत रिक्षात आई गळ्यातली माळ चाचपत बसली. दारात चप्पल काढताना म्हणाली, "कच्चा कशापायी खाल्लास? तुझ्या बापाला मागल्या दारच्या चुलीवर मीच शिजवून घालायची की."